विश्लेषण : बीपीची गोळी सुरू आहे… मग व्यायाम कोणता, किती आणि कधी?

चाळिशीपुढील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आता कायद्यात आली आहे. तपासणीत रक्तदाब निघाला की गोळी सुरू होते आणि सोबत ‘व्यायाम करा’ असा सल्ला मिळतो. पण गोळी कोणती आणि तिच्यासोबत व्यायाम कोणता, ही सांगड सहसा कोणी घालून देत नाही. महाळुंगे-चाकण पट्ट्यातील पाळ्या, उकाडा आणि अंगमेहनत लक्षात घेऊन ती कशी घालायची?

केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. वेतनाची नवी व्याख्या, ठरावीक मुदतीच्या कामगारांची ग्रॅच्युइटी, महिलांना रात्रपाळी यावर भरपूर लिहिले-बोलले गेले. चाळीस वर्षांवरील कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद मात्र बहुतेक बातम्यांत शेवटच्या ओळीत राहिली. कारखान्यांच्या पट्ट्यात खरा फरक पडेल तो कदाचित याच ओळीने. कारण रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. मोजल्याशिवाय तो कळतच नाही.

महाळुंग्यात हा प्रश्न आत्ताच का?

पुणे जिल्ह्यात महाळुंगे एकच नाही. एक बालेवाडीला लागून असलेले, क्रीडा संकुलाचे. दुसरे खेड तालुक्यातील महाळुंगे इंगळे, चाकण-तळेगाव रस्त्यावरचे, औद्योगिक वसाहतीचे. हा लेख दुसऱ्याबद्दल आहे, पण पहिल्याचाही संबंध पुढे येईल.

महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी या गावांच्या शिवारात गेल्या दोन-अडीच दशकांत वाहन कारखाने आणि सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांची रांग उभी राहिली. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. त्या सुमारास आयटीआय करून पंचविशीत लाइनवर उभा राहिलेला मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला आहे. म्हणजे तपासणीची तरतूद आली तेव्हाच या पट्ट्यातील पहिली पिढी त्या वयाची झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के महिलांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यांची गोळी सुरू होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमधील प्रमाण ३५.५ टक्के आले. लाइनवर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या चौघांपैकी एकाला, असा हिशेब धरला तरी तो जास्तीचा ठरणार नाही.

दुसरी बाजू वेळेची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. विश्रांतीची सुट्टी पाचऐवजी सहा तासांनंतर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास, असेही त्यात आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे आणि कामगाराची लेखी संमती लागेल, हे खरे. पण बारा तासांच्या पाळीला चाकण-तळेगाव रस्त्यावरची कोंडी जोडा, आणि व्यायामाला वेळ कुठून काढायचा ते सांगा. ‘रोज पाऊण तास चाला’ असे लिहून देणाऱ्याने एकदा संध्याकाळी सहाला तळेगाव चौकातून गाडी काढून पाहावी.

दिवसभर उभे राहूनच काम करतो, तोच व्यायाम नाही का?

हा प्रश्न डॉक्टरांना वारंवार ऐकावा लागतो आणि तो चुकीचाही वाटत नाही. आठ तास उभे राहायचे, दहा-पंधरा किलोचे भाग उचलायचे, घाम गाळायचा, आणि वर पुन्हा व्यायाम?

कोपनहेगनमधील एका मोठ्या लोकसंख्या अभ्यासाने याचे उत्तर शोधले. त्यात १,०४,०४६ प्रौढांवर सुमारे दहा वर्षे लक्ष ठेवले गेले आणि निष्कर्ष २०२१ मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये आले. फावल्या वेळेत भरपूर हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसला. कामावर अतिशय जड श्रम करणाऱ्यांमध्ये मात्र तो सुमारे २७ टक्क्यांनी जास्त दिसला. गरिबी, तंबाखू, झोप यांचा वाटा यातून पूर्ण वेगळा काढता येत नाही, असा आक्षेप काही संशोधक घेतात आणि तो रास्त आहे. तरीही शरीरशास्त्र या निष्कर्षाला धरून आहे. लाइनवरचे श्रम लांबलचक असतात, एकाच स्थितीत असतात, मध्ये पुरेशी विश्रांती नसते. रक्तदाब आणि नाडी तासन् तास थोडी चढलेलीच राहते. चालण्याच्या व्यायामात ती अर्धा तास चढते आणि नंतर नेहमीपेक्षा खाली उतरते. हे उतरणेच औषधासारखे काम करते.

गोळी आणि व्यायाम एकत्र आले की काय होते?

भरभर चालताना वरचा आकडा वाढतो. १३० चा १६०-१७० होणे अगदी नैसर्गिक आहे. खालचा आकडा फारसा हलत नाही. त्यामुळे चालून आल्या आल्या मशिन लावून घाबरू नये. थांबल्यावर रक्तवाहिन्या काही काळ सैल राहतात आणि दाब नेहमीपेक्षा खाली येतो. हा परिणाम काही तास, कधी कधी जवळजवळ दिवसभर टिकतो.

आता गोळीही हेच करत असते. दोन्ही उतार एकत्र आले, त्यात मे महिन्याचा उकाडा आणि घामाने गेलेले पाणी मिसळले, की दाब गरजेपेक्षा खाली जातो. धावून एकदम थांबलेल्या माणसाला चक्कर येते ती बहुधा यामुळे. पायांत उतरलेले रक्त वर ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करत होते. ते थांबले आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडले. म्हणून व्यायामाच्या शेवटी पाच ते दहा मिनिटे वेग उतरवत नेणे, हे गोळी घेणाऱ्यासाठी ऐच्छिक नाही. वेळ कमी असेल तर मधला व्यायाम कापा, शेवट कापू नका. लगेच कढत पाण्याने आंघोळ करणेही टाळलेले बरे.

स्ट्रिपवरची शेवटची अक्षरे काय सांगतात?

‘बीपीची गोळी’ असे एकच काही नसते. व्यायामात कोणती काळजी घ्यायची, हे गोळीच्या आत काय आहे त्यावर ठरते. आपल्याकडे बहुतेकांना गोळीचा रंग आणि ब्रँडचे नाव ठाऊक असते, औषधाचे नाही. पण स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरे वाचली की कळते. संयुक्त गोळ्यांमध्ये ब्रँडच्या नावामागची शेपटीही बरेच सांगते. ‘एएम’ म्हणजे सहसा अॅम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, ‘सीटी’ म्हणजे क्लोरथॅलिडोन. शंका असेल तर औषध दुकानदाराला विचारा. आणि स्ट्रिपचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. अपघात विभागात त्याचा उपयोग कोणत्याही फाइलपेक्षा जास्त होतो.

देशात २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. सरकारी दवाखान्यांतून मिळणाऱ्या गोळ्या प्रामुख्याने तीन गटांतल्या असतात.

पहिला गट अॅम्लोडिपिनचा. ही रक्तवाहिन्या सैल करते, हृदयाच्या गतीला फारसा हात लावत नाही. व्यायामासाठी सोयीची गोळी. त्रास असतो तो घोट्यांवरच्या सुजेचा. दिवसभर सेफ्टी शूज घालून उभे राहणाऱ्यांत ती जास्त जाणवते आणि ‘चालल्यामुळे सूज आली’ असा समज होऊन चालणे बंद होते. उलट चालण्याने, टाचा वर-खाली करण्याने आणि घरी पाय उशीवर घेण्याने ती थोडी उतरते. एकाच पायाला सूज असेल, पोटरी दुखत असेल किंवा सुजेबरोबर धाप लागत असेल, तर मात्र दोष गोळीवर ढकलून बसू नये. त्याच दिवशी दाखवावे.

दुसरा गट टेल्मिसार्टन, लोसार्टन आणि त्यांचे चुलतभाऊ रॅमिप्रिल, एनालाप्रिल. व्यायामाची क्षमता या गोळ्या कमी करत नाहीत. मात्र शरीरातले पाणी कमी झाले तर मूत्रपिंडावर ताण येतो. जुलाब-उलट्या, ताप अशा दिवशी व्यायाम बंद ठेवायचा आणि गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना फोन करून विचारायचे. या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. निरोगी मूत्रपिंडाला एखादे शहाळे काही करत नाही. पण मूत्रपिंडाचा आजार असताना रोज दोन-तीन शहाळी आणि वर ‘कमी सोडियमचे मीठ’, ज्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असते, हा बेत धोक्याचा. रॅमिप्रिल घेणाऱ्याला चालताना कोरडा खोकला सुटत असेल तर तो दमा असेलच असे नाही, गोळीचाही असू शकतो. डॉक्टर ती बदलून देतात.

तिसरा गट लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणाऱ्या गोळ्यांचा, म्हणजे क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड. महाळुंग्यासारख्या ठिकाणी सर्वांत जपून राहायचे ते यांच्याशी. पेंट शॉप, फोर्जिंग, फाउंड्री येथे घाम आधीच धो-धो जातो. त्यात ही गोळी, आणि त्यात संध्याकाळी पळणे. रात्री पोटरीत गोळे येणे, अंग गळणे, छातीत धडधड, ही सोडियम-पोटॅशियम घसरल्याची खूण असू शकते. रक्ताची साधी तपासणी करून ते कळते. लघवी लागते म्हणून पाळीत पाणीच न पिणारे अनेक जण असतात, महिला तर विशेष. लाइन सोडून जाता येत नाही आणि स्वच्छतागृह लांब असते. हा दोष गोळीचा नाही, कामाच्या जागेचा आहे, आणि तो व्यवस्थापनानेच सुधारायचा आहे.

पाणी किती, याला एक आकडा नाही. लघवी फिकट पिवळी राहील इतके, हे साधे माप. तासाभराच्या आतल्या व्यायामाला साधे पाणी पुरते. मिठाचे लिंबू सरबत किंवा ओआरएस रोजचे पेय म्हणून नको. त्यातले मीठ बीपीवाल्याच्या हिशेबात जमा होते. भर उन्हात खूप घाम गेला तर गोष्ट वेगळी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर डॉक्टरांचेच माप पाळायचे.

बीटा ब्लॉकर असेल तर घड्याळावर विश्वास का ठेवू नये?

आता दुसऱ्या महाळुंग्याकडे. बालेवाडी-महाळुंग्याचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांत नेमबाजीही तेथेच झाली. नेमबाजांना आणि तिरंदाजांना मेटोप्रोलोल, अॅटेनोलोल, प्रोप्रानोलोल यांसारख्या गोळ्यांवर उत्तेजकविरोधी नियमांनी बंदी आहे. कारण या गोळ्या हृदयाचे ठोके मंद करतात, हाताचा कंप कमी करतात आणि नेम स्थिर होतो. (लघवीच्या गोळ्यांवर तर सर्वच खेळाडूंना बंदी आहे, त्यामुळे मैदान गाजवणाऱ्या बीपीवाल्याने आधी चौकशी करावी.)

नेमबाजाला जे फायद्याचे, ते पळणाऱ्याला अडचणीचे. ‘२२० वजा वय’ हे सूत्र जिममध्ये भिंतीवर लावलेले असते. पंचेचाळिशीच्या माणसाला ते १७५ सांगते आणि त्याच्या ७० टक्के, म्हणजे साधारण १२२ ठोक्यांवर व्यायाम करा म्हणते. मेटोप्रोलोल घेणाऱ्याचे हृदय १२२ पर्यंत पोहोचण्याआधीच तो माणूस दमलेला असतो. घड्याळातला आकडा गाठण्यासाठी तो आणखी रेटतो, आणि येथेच घात होतो. अशांनी आकडा सोडून बोलण्याची चाचणी वापरावी. चालताना पूर्ण वाक्य बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम गती. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ती जोरकस.

मधुमेहही असेल तर आणखी एक गोष्ट. साखर उतरू लागली की छाती धडधडते, हात थरथरतात; बीटा ब्लॉकर या दोन्ही खुणा झाकतो. घाम मात्र येतो. म्हणून अचानक आलेला थंडगार घाम हलक्यावर घेऊ नये आणि खिशात साखर ठेवावी. ही गोळी परस्पर एकदम बंद करणेही धोक्याचे. ठोके आणि दाब उसळी मारतात, हृदयविकार असलेल्यांत झटकाही येऊ शकतो.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर, मनगटावरच्या स्मार्ट वॉचमधला बीपीचा आकडा उपचारासाठी धरू नये. दंडाला पट्टा बांधायचे मशिन वापरावे. मोजण्याआधी पाच मिनिटे टेकून बसावे, आणि व्यायाम, चहा व तंबाखूपासून अर्धा तास तरी लांब असावे. तंबाखूचा बार दाबून मोजलेला बीपी तंबाखूचा असतो.

अंगदुखीची गोळी कुठे नडते?

व्यायाम सुरू केला की पहिल्या आठवड्यात अंग दुखते. लाइनवर कंबर आधीच धरलेली असते. मग दुकानातून डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी, चिठ्ठीशिवाय. आमच्या मते या संपूर्ण विषयात सर्वांत कमी बोलला जाणारा धोका हाच आहे.

या वेदनाशामकांमुळे शरीरात मीठ-पाणी साठते आणि बीपीच्या गोळीचा परिणाम बोथट होतो. त्याहून वाईट म्हणजे टेल्मिसार्टनच्या गटातील गोळी, लघवीची गोळी आणि वेदनाशामक हे तीन एकत्र आले की मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. त्यात घामाने पाणी कमी झाले असेल तर मूत्रपिंड अचानक काम थांबवू शकते. ‘टेल्मिसार्टन-एच’ ही दोन औषधे एकाच गोळीत देणारी लोकप्रिय जोडी आहे, हे लक्षात घ्या. म्हणजे तिघांपैकी दोघे आधीच घरात आहेत. दुखलेच तर शेक, विश्रांती, लावायचे मलम आणि मोजक्या वेळा पॅरासिटामॉल. सर्दीच्या गोळ्यांत फेनिलेफ्रिन असते, ती बीपी चढवते. जिममधल्या ‘प्री-वर्कआउट’ पुडीत आणि एनर्जी ड्रिंकमध्ये कॅफिनचा मारा असतो. घशासाठी रोज मूठभर ज्येष्ठमध चघळणाऱ्यांनीही जपावे; त्याने बीपी वाढतो आणि पोटॅशियम उतरते.

वजन उचलावे का, की फक्त चालावे?

राजू श्रीवास्तव ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रेडमिलवर कोसळले, त्याच्या आदल्या वर्षी जिममध्ये व्यायाम केल्यानंतर काही वेळातच पुनीत राजकुमार गेले. अशा बातम्यांनंतर अनेकांनी जिम सोडली. भीती समजण्यासारखी आहे, पण नियंत्रणात असलेल्या बीपीसाठी हलके-मध्यम वजन वर्ज्य नाही. ते फायद्याचेच आहे. वर्ज्य आहे श्वास रोखून ताकद लावणे. कॅनडातील संशोधकांनी १९८५ मध्ये शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत सुई घालून पायाने जड वजन ढकलताना दाब मोजला. सरासरी आली ३२०/२५०. एकाचा तर ४८०/३५० च्या वर गेला होता. तरुण, तंदुरुस्त माणसे ती. कुंथून वजन ढकलताना असे होते. म्हणून नियम सोपा : ढकलताना श्वास सोडा, दहा-पंधरा वेळा सहज उचलता येईल एवढेच वजन घ्या, शेवटची ओढून-ताणून मारलेली खेप नको. हाच नियम कंपनीत जड बिन उचलतानाही लागू पडतो.

२०२३ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’ने २७० चाचण्या एकत्र करून पाहिल्या. चालणे-पळणे यांनी वरचा आकडा सरासरी साडेचारने उतरला. स्नायू ताणून स्थिर धरण्याच्या व्यायामांनी तो आठच्या वर उतरला. उदाहरणार्थ, भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखे दोन मिनिटे राहायचे, थोडी विश्रांती, असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. जागा लागत नाही, बूट लागत नाहीत, दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यासाठी हे मोलाचे. मात्र श्वास चालू ठेवायचा, गुडघे दुखत असतील तर कमी वाकायचे, आणि बीपी नियंत्रणात आल्यावरच सुरू करायचे. चालण्याला हा पर्याय नव्हे, जोड आहे.

योगासनांबद्दलही तेच. शवासन, संथ श्वसन उत्तम. बीपी चढलेला असताना शीर्षासन, जोरजोरात भस्त्रिका-कपालभाती आणि कुंभक टाळावा. सूर्यनमस्कारात डोके खाली-वर करताना गरगरत असेल तर वेग निम्मा करा. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा बीपीसाठी प्राझोसिन घेणाऱ्यांना हे गरगरणे जास्त जाणवते.

पाळी बदलते, मग गोळी आणि व्यायाम कधी?

‘सकाळी नाश्त्यानंतर’ असे लिहिलेली गोळी थर्ड शिफ्टवाल्याने कधी घ्यायची? ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत गोळी सकाळी घ्या की संध्याकाळी, हृदयविकार-पक्षाघाताच्या प्रमाणात फरक दिसला नाही. महत्त्वाचे आहे ते न चुकणे. अॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन शरीरात दिवसभर टिकतात, त्यामुळे दोन-चार तास मागे-पुढे झाल्याने बिघडत नाही. पाळी कोणतीही असो, ज्या वेळी आपण हमखास घरी आणि जागे असतो ती वेळ धरावी. लघवीची गोळी मात्र झोपायच्या आधी नको, नाहीतर दिवसाची झोपही मोडते. विसरली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत.

व्यायामासाठी फर्स्ट शिफ्टवाल्याला संध्याकाळ बरी, सेकंडवाल्याला सकाळ. रात्रपाळी करून आल्यावर आधी झोप. सहा तासही न झोपता केलेल्या जोरकस व्यायामाचा फायदा कमी, इजाच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे आणि ‘एका वेळी किमान दहा मिनिटे’ ही जुनी अट काढली आहे. बसथांब्यापर्यंतची सात मिनिटे, जेवणाच्या सुट्टीतली आठ मिनिटे, सगळे जमेस धरता येते. सुट्टीच्या दिवशी भंडारा डोंगर चढून जाणे हा या भागातला चांगला प्रघात आहे. पण आठवडाभर काही न करता रविवारी एका दमात डोंगर चढणे वेगळे. आधी महिनाभर सपाटीवर चालावे, डोंगराला उन्हाच्या आधी लागावे, आणि वर पोहोचल्यावर लगेच न बसता थोडे फिरत राहावे.

कोणत्या आकड्याला थांबायचे?

बसून मोजलेला आकडा १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना गाठा. १६०/१०० ते १८०/११० च्या दरम्यान असेल तर सपाटीवर सावकाश चालणे ठीक, पळणे आणि वजन नको, आणि औषधाचा आढावा लवकर घ्या. त्याखाली असेल तर नेहमीप्रमाणे. वरचा आकडा १०० च्या खाली आणि सोबत अंधारी येत असेल, तरीही व्यायाम नाही. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, न थांबणारी धाप, शुद्ध हरपणे, तोंड वाकडे होणे किंवा हाताची ताकद जाणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नये.

मधुमेह, आधीचा हृदयविकार किंवा चालताना छातीत भरून येण्याचा त्रास असेल, तर जोरकस व्यायामाआधी तपासणी हवीच. बाकीच्यांनी चालणे सुरू करण्यासाठी कशाचीही वाट पाहण्याची गरज नाही.

बीपी नॉर्मल आला, गोळी बंद करावी का?

तीन महिने नेटाने चालले, चार-पाच किलो वजन उतरले, आकडा १२०/७८ आला. त्यात गोळीचा वाटा किती आणि चालण्याचा किती, हे घरी बसून कळत नाही. वजन एक किलो उतरले की वरचा आकडा साधारण एकने उतरतो. व्यायामाने चार ते आठ. म्हणजे कमी मात्रेच्या गोळीवर असलेल्याची गोळी कमी होऊ शकते, काहींची बंदही. पण ती पायरीपायरीने, नोंदी पाहून, डॉक्टरांनी. उन्हाळ्यात आकडा तसाही थोडा खाली असतो आणि हिवाळ्यात चढतो. मे महिन्यात परस्पर बंद केलेल्या गोळीचा हिशेब डिसेंबरात चुकता होतो. उलट उभे राहिल्यावर वारंवार अंधारी येत असेल तर मात्रा जास्त झाली असावी. तेव्हाही फोन डॉक्टरांनाच.

राहतो तो प्रश्न तपासणीच्या कागदाचा. क्रेन, फोर्कलिफ्ट, उंचीवरचे काम करणाऱ्यांना फिटनेसची धास्ती असते आणि कंत्राटी कामगाराला तर नूतनीकरणाचीच. त्यामुळे बीपी लपवण्याकडे किंवा तपासणीच्या आदल्या दिवशीच गोळी घेण्याकडे कल असतो. गोळी घेऊन १३०/८० वर असलेला माणूस गोळी न घेता १७०/१०० वर असलेल्यापेक्षा क्रेनवर अधिक सुरक्षित आहे, हे कंपनीच्या डॉक्टरला ठाऊक असते. ठेकेदाराला ते कोणी सांगत नाही. तपासणी मोफत झाली, पण तिचा निकाल कोणाच्या हाती पडतो आणि त्यावरून कामावर काय परिणाम होतो, यावर कामगार बीपी दाखवतो की लपवतो हे ठरेल. तोवर आरोग्य उपकेंद्रांत आणि चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात बीपी मोफत मोजून मिळतो, गोळ्याही मिळतात, आणि तेथील नोंद ठेकेदाराकडे जात नाही.

(हा मजकूर सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या औषधात आणि व्यायामात बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)